शिंपल्याचे बालपण

वैशाखात मार्कंड्याजवळ वैनगंगेचे पाणी आटून एका कडेला सरकते. मागे उरलेल्या ओल्या गाळावर रेघा दिसतात. बोटभर रुंद, वळत वळत गेलेल्या, मध्येच थांबलेल्या. नवख्याला त्या कुठल्या किड्याच्या वाटतील. नदीकाठची पोरे मात्र रेघ जिथे संपते तिथे बोटे खुपसतात आणि चिखलातून शिंपला उपसून काढतात. पाणी उतरू लागले की हा प्राणी आपल्या एकुलत्या एक पायाने गाळ नांगरत खोल पाण्याकडे निघतो. ज्याला पाणी गाठता येत नाही तो तिथेच उभा रुततो, झडपा घट्ट मिटतो आणि पावसाची वाट पाहतो.

आमच्या घरात शिंपला ओळखीचा झाला तो कैरीमुळे. आजी रिकाम्या शिपीची पाठ दगडावर घासायची. घासून घासून मधोमध भोक पडे, भोकाच्या कडेला धार येई, आणि त्यातून कैरीची साल पातळ, लांब पट्टीसारखी बाहेर येई. सुरीने गर जातो, शिपीने नुसती सालच जाते, असे ती सांगायची. साले काढून झाली की मी ती शिपी उताणी करून उन्हात धरायचो. आतल्या पांढऱ्या अस्तरावर निळसर, गुलाबी झाक हलायची. त्या अस्तरात कोण राहत होते, ते कुठून आले होते, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पुढे पडला, आणि त्याचे उत्तर नदीच्या तळाशी नसून माशाच्या अंगावर आहे हे कळल्यावर मी थक्क झालो.

चंद्रपूर-गडचिरोलीत जंगलाबद्दल बोलणाऱ्यांची वाण नाही. ताडोब्यातल्या माया, वाघडोह या वाघांची नावे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण याच दोन जिल्ह्यांत वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी वाहतात, गोंड राजांच्या काळापासूनचे तलाव आणि बोड्या गावोगाव आहेत, आणि त्या सगळ्या पाण्याच्या तळाशी एक मूक वस्ती आहे. तिच्याविषयी आजवर काय कळले आहे आणि इथल्या पाण्यापुरता त्याचा अर्थ काय, हे एकत्र मांडावे म्हणून हा लेख.

आपल्या पाण्यात सहज सापडणारे मोठे शिंपले मुख्यतः दोन घराण्यांतले. लॅमेलिडेन्स हे लांबट, पातळ कवचाचे. त्यातला लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस तलावांत आणि संथ पाण्यात राहतो. त्याचे कवच काळपट तपकिरी असते आणि कडेला फिकट पट्टा असतो. लामार्कने १८१९ मध्ये त्याला नाव देताना बहुधा हाच काठ पाहिला असावा. दुसरे घराणे पॅरेसियाचे. हे आखूड, गोलसर, जाड कवचाचे असतात आणि पाठीच्या टोकाशी सुरकुत्यांसारखी नक्षी असते. ते वाहत्या पाण्यातल्या रेतीत चांगले रुजतात. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या शंखशिंपल्यांची पहिली मोठी जंत्री एच. बी. प्रेस्टन यांनी १९१५ मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेत छापली. पुढच्याच वर्षी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली आणि तिथल्या एन. व्ही. सुब्बा राव यांची हस्तपुस्तिका १९८९ मध्ये आली. कवच ओळखायचे असेल तर आजही तीच हाताशी घ्यावी लागते. या परंपरेविषयी मला आदर आहे, पण तिचे बहुतेक लक्ष कवचावर राहिले. कवचातला जीव जन्मतो कसा, वाढतो कुणाच्या आधाराने, याकडे आपल्या देशात फार थोड्यांनी पाहिले. परिणाम असा की बहुसंख्य भारतीय जातींची नावे नोंदली गेली आहेत, आयुष्य मात्र कोरेच राहिले आहे.

तसा हा रहिवासी इथल्या मातीला नवा नाही. नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्ये ताकळीसारख्या ठिकाणच्या लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या शंखशिंपल्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात गोड्या पाण्यातले शिंपले होते. दख्खनचा लाव्हा उसळत होता त्या काळात, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत इथे तळी साचत होती आणि त्या तळ्यांत शिंपले होते.

शिंपला उघडून पाहिला तर आत डोके सापडत नाही. डोके नाही, जीभ नाही, दात नाहीत. दोन्ही बाजूंना प्रावरणाची पातळ चादर असते. हीच कवच विणते. मध्ये मांसल पाय आणि त्याच्या दोन्ही अंगांना पडद्यासारखे कल्ले. हे कल्ले एकाच वेळी तीन कामे करतात. श्वास घेतात, अन्न गाळतात आणि, हे सर्वांत विलक्षण, पिले सांभाळतात. मागच्या टोकाला दोन फटी असतात. एकीतून पाणी आत येते, कल्ल्यांवरच्या बारीक केसांच्या हालचालीने गाळले जाते आणि दुसरीतून बाहेर पडते. शेवाळाचे कण, जिवाणू, कुजलेला बारीक पाला शिंपला ठेवून घेतो. जे नको ते चिकटद्रव्यात गुंडाळून तळाशी टाकतो. एक मोठा शिंपला दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी असे गाळतो. तलावाच्या तळाशी हजारोंची वस्ती असली की सगळ्या तलावाचे पाणी त्यांच्या अंगातून पुन्हा पुन्हा फिरते. पाणी नितळ राहते, उजेड खोलवर जातो, पाणवनस्पती रुजतात आणि त्यांच्या आडोशाला मासा अंडी घालतो.

आता बालपण. बहुतेक जातींत नर आणि मादी वेगळे. नर शुक्रबीज पाण्यात सोडतो, मादीच्या श्वासाबरोबर ते आत जाते आणि अंडी तिच्या कल्ल्यांच्या कप्प्यांतच फळतात. कल्ले फुगतात, जाडसर होतात. त्यांत हजारोंनी, काही जातींत लाखोंनी, पिले भरलेली असतात. प्रत्येक पिलू मिलिमीटरचा काही अंश एवढे. सूक्ष्मदर्शकाखाली ते काचेच्या इवल्याशा डबीसारखे दिसते. दोन पारदर्शक झडपा आणि त्या मिटवणारा एकच स्नायू. आरपार दिसणाऱ्या त्या कवचातून तो स्नायू आखडताना पाहता येतो. झडपा उघड्या, मग अचानक मिटलेल्या, पुन्हा उघड्या. या पिलाला ग्लोकिडियम म्हणतात.

या नावामागे एक मोठी गल्लत आहे. डच सूक्ष्मदर्शककार लेव्हेनहूक यांनी १६९५ मध्ये ही पिले पाहिली आणि ती शिंपल्याचीच असल्याचे ओळखले. पण १७९७ मध्ये जेन्स राथके यांनी ठरवले की हे शिंपल्याच्या कल्ल्यांत राहणारे परजीवी आहेत. त्यांनी त्यांना ‘ग्लोकिडियम पॅरासिटिकम’ असे नाव दिले. ही पिलेच आहेत हे १८३२ मध्ये कारुस यांनी दाखवून दिले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. मग १८६६ मध्ये लायडिग यांना हीच पिले माशाच्या परांच्या कातडीत रुतलेली सापडली आणि सगळा उलगडा झाला. राथके चुकले होते, तरी त्यांचा परजीवी हा शब्द वाया गेला नाही. हे पिलू खरोखरच परजीवी आहे. फक्त आईचे नव्हे, माशाचे.

मादी पिले पाण्यात सोडते तेव्हा त्यांच्याकडे वेळ थोडा असतो. काही दिवसांत मासा भेटला तर ठीक, नाहीतर संपले. माशाचा कल्ला किंवा पर अंगाला लागला की झडपा कट्कन मिटतात. काही जातींच्या झडपांच्या टोकाला आकडाही असतो, असे पिलू परांना धरते. आकडा नसलेली बहुधा कल्ल्यांना. माशाची कातडी त्या जखमेभोवती वाढून पिलाला झाकून टाकते. त्या इवल्या गाठीत पिलाची शरीररचना नव्याने घडते. एका स्नायूच्या जागी दोन येतात, पाय येतो, कल्ल्यांची सुरुवात होते. पाणी उबदार असेल तर हे काही दिवसांत किंवा आठवड्यांत आटोपते. मग गाठ फुटते आणि राईच्या दाण्यापेक्षाही लहान शिंपला तळाशी पडतो. तो रेतीवर पडला तर जगेल, दुर्गंधी सुटलेल्या काळ्या चिखलावर पडला तर मरेल. सुरुवातीला तो पाणी गाळत नाही, पायानेच रेतीतले कण गोळा करून खातो. आईपासून तो किती लांब पडला हे माशाने ठरवलेले असते. गाळावर रेघ ओढत दिवसाला काही हात सरकणाऱ्या या जीवाचा वंश कोसच्या कोस वर चढतो तो माशावर बसूनच.

माशाला यात फारसा त्रास होत नाही, गाठी थोड्या असतील तोवर. पण मासाही गप्प बसत नाही. चुकीच्या जातीचा मासा आपल्या प्रतिकारशक्तीने पिले मारून झटकून टाकतो. योग्य जातीचा मासाही वारंवार ग्रासला गेला की पिलांना दाद देईनासा होतो. म्हणून पाण्यात नुसते मासे असून भागत नाही, योग्य मासे असावे लागतात, आणि तेही नव्या दमाचे. उत्तर अमेरिकेतल्या काही शिंपल्यांनी मासा बोलावण्याची कला साधली आहे. लॅम्प्सिलिसच्या मादीच्या प्रावरणाची कड लहान माशाच्या आकाराची वाढते, तिच्यावर डोळ्यासारखा ठिपकाही असतो, आणि ती ती कड हलवत राहते. शिकारी मासा झडप घालतो आणि तोंडभर पिले घेऊन जातो. युरोपातला बिटरलिंग मासा नेमके उलटे करतो. तो आपली अंडी लांब नळीने शिंपल्याच्या कल्ल्यांत सोडतो आणि त्याची पिले शिंपल्यात वाढतात. कोण कुणाचे घर वापरतो हे या दोन वंशांनी कोट्यवधी वर्षे घासाघीस करून ठरवलेले आहे.

इथे एका लांबच्या नातलगाची आठवण येते. कोकणात मच्छीबाजारात मिळणारा माकूळ हा शिंपल्यासारखाच मृदुकाय, आणि खोल समुद्रात त्याचे काचेसारखे भाऊबंद राहतात. क्रँकिइडी कुळातल्या या सुमारे साठ जातींचे अंग आरपार दिसते. डोळे आणि यकृतासारखी ग्रंथी तेवढी लपत नाही, म्हणून ती लांबट ग्रंथी ते कायम उभी धरतात, खालून सावली कमी पडावी यासाठी. डोळ्यांखाली प्रकाश देणारे अवयव असतात, तेही सावली पुसण्यासाठीच. अंगातल्या मोठ्या पोकळीत समुद्राच्या पाण्याहून हलके अमोनियायुक्त द्रव भरून ते तरंगतात. पिले वरच्या उजेडाच्या थरात वाढतात आणि जसजशी मोठी होतात तसतशी अंधारात उतरतात. याच कुळातला सर्वांत वजनदार प्राणी १९२५ मध्ये व्हेलच्या पोटातून मिळालेल्या तुकड्यांवरून ओळखला गेला. २००७ मध्ये अंटार्क्टिकाच्या समुद्रात ४९५ किलोचा सापडला, पण जिवंत, त्याच्या घरी, तो चित्रित झाला मार्च २०२५ मध्ये. दक्षिण सँडविच बेटांजवळ सुमारे ६०० मीटर खोलीवरचे ते जेमतेम फूटभर लांबीचे पारदर्शक पिलू होते. त्याचे बालपण एका जगात आणि मोठेपण दुसऱ्याच. वैनगंगेतल्या शिंपल्याचेही तसेच आहे. फरक एवढाच की त्याला पाहायला पाणबुडी लागत नाही, गुडघाभर पाणी पुरते.

शिंपल्याचे आयुष्य माशाला बांधलेले आहे हे जगाला महागात पडून कळले. अमेरिकेत आयोवातल्या मस्कटीन गावी जॉन बोएपल या जर्मन कारागिराने १८९१ मध्ये मिसिसिपीच्या शिंपल्यांपासून बटणे करायला सुरुवात केली. १९०५ मध्ये या एका गावाने दीड अब्ज बटणे काढली. नदीचे पात्र ओरबाडले गेले. शिंपले संपत आले तसे सरकारने १९०८ मध्ये फेअरपोर्टला संशोधन केंद्र काढले. तिथे माशांना हौदात ग्लोकिडियम लावून नदीत सोडण्याचे प्रयोग झाले. आपल्याला जे कळले आहे त्यातले बरेचसे त्या हौदांतून. पण १९१३ मध्ये केओकक इथे नदीवर धरण झाले. स्किपजॅक हेरिंग हा मासा वर चढेनासा झाला आणि एबनीशेल नावाचा शिंपला, ज्याची पिले याच माशावर वाढतात, धरणाच्या वरच्या अंगाला ओसरत गेला. धरणाच्या भिंतीने शिंपल्याला हातही लावला नव्हता. म्हातारे शिंपले कित्येक वर्षे तळाशी होते. फक्त पिले थांबली होती.

ही गोष्ट मी गडचिरोलीच्या नकाशावर ठेवून वाचतो तेव्हा अस्वस्थ होतो. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द आहे, त्याची कोनशिला १९८८ मध्ये बसली. खाली चामोर्शीजवळ चिचडोह बंधारा आहे. प्राणहिता गोदावरीला मिळाल्यावर थोड्याच अंतरावर सिरोंचासमोर मेडीगड्डा आहे, २०१९ मध्ये सुरू झालेला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ज्याचे खांब खचले तो. पाण्याचे, शेतीचे, पुराचे वाद यांवर पुष्कळ बोलले गेले आणि ते बोलायलाच हवे. पण खालून वर येणारा मासा या भिंतींपाशी अडला की वरच्या पात्रातल्या शिंपल्याचे पाळणेही रिकामे होतात, हे कुठल्याही अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवे. त्यात रेतीघाटांवरच्या उपशाची भर. पॅरेसियाची पिले ज्या थरात जगतात तोच थर पोकलँड यंत्र उचलून नेते. वर्धा आणि इरई कोळशाच्या खाणींच्या आणि वीजकेंद्राच्या शेजारून वाहतात. तिथे शिंपला दुसऱ्या अर्थानेही मोलाचा आहे. तो जे पाणी पितो त्यातले जड धातू त्याच्या मांसात साठतात, म्हणून त्याचे मांस तपासले की पाण्याची चाचणी होते. याच तत्त्वावर अमेरिकेने १९८६ पासून किनाऱ्यावरच्या शिंपल्यांची पाहणी चालवली आहे.

तलावांची कथा वेगळी, आणि मला वाटते जास्त हाताशी असलेली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतले मालगुजारी तलाव म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी देणारी शेकडो वर्षांची व्यवस्था. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळ, तुडुम, गाळ यांची देखभाल कुणाची हा प्रश्न लोंबकळत राहिला. तलावातली मासेमारी ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे असते. पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडली जातात. ती वाढली पाहिजेत, त्यावर घरे चालतात. पण त्यांच्यासाठी बारकी देशी मासळी नकोशी ठरली, पाणवनस्पती उपटल्या गेल्या, बेशरम माजली, आणि शिंपल्याच्या पिलांना भेटणारे मासेच बदलले. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर बायकांच्या गटांनी याच्या उलट काम केले आहे. त्यांनी बेशरम काढली आणि तळ नांगरून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ते मासळीसाठी केले, शिंपल्यासाठी नव्हे. पण शिंपल्याला जे हवे ते सगळे त्यात आहे.

पाहुण्या शिंपल्याचा धोकाही बोटुकल्यांच्याच वाटेने येतो. चीनमधला एक मोठा शिंपला गेल्या शतकात युरोपभर पसरला तो चिनी माशांच्या बीजाबरोबर, त्यांच्या कल्ल्यांत बसून. बोटुकली लांबून आणताना हे ध्यानात ठेवावे.

आणि मोती. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत, म्हणजे सिफामध्ये, के. जानकीराम यांनी १९८० च्या दशकात लॅमेलिडेन्समध्ये मोती करण्याचे तंत्र बसवले. गेल्या काही वर्षांत गडचिरोलीतही तरुण शेतकऱ्यांनी तळ्यांत मोती घेतले आहेत. शिंपला थोडा उघडून आत केंद्रक ठेवायचे, काही दिवस औषधपाण्यात सांभाळायचे, मग नायलॉनच्या जाळीत घालून बारा ते अठरा महिने तळ्यात टांगायचे. प्रावरण त्या केंद्रकावर तेच अस्तर चढवते जे मी उन्हात धरून पाहायचो. मला या उद्योगाचे कौतुक आहे, धानाशिवाय दुसरे पीक नसलेल्या घरात तो पैसा आणतो. पण लागणारे मोठे शिंपले बहुतेक वेळा नदी-तलावातून वेचूनच आणले जातात. पेरल्याशिवाय कापणी किती दिवस चालेल? फेअरपोर्टच्या हौदाला फार मोठी यंत्रे लागली नव्हती. मोत्याच्या प्रत्येक प्रशिक्षणात मोत्याआधी एक दिवस माशाच्या कल्ल्यातल्या पिलांसाठी असावा. आमच्याकडच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या मुलांना प्रकल्प हवा असतो. मरळ, रोहू आणि देशी बारकी मासळी काचेच्या टाकीत ठेवून लॅमेलिडेन्सची पिले कुणावर टिकतात एवढे पाहिले तरी भारतीय शास्त्रात भर पडेल.

गेल्या उन्हाळ्यात एका तलावाचा गाळ निघत होता. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे, आणि गाळ खरोखरच काढायला हवा, तलाव उथळ झाले आहेत. जेसीबीने काढलेला काळा गाळ ट्रॅक्टरने बांध्यांत पडत होता. धुऱ्यावरून जाताना पाहिले, तर ढिगांतून शिंपलेच शिंपले. काही अजून मिटलेले, ओले, जड. घोंगल्याफोड्या करकोचे आजूबाजूला उतरले होते, त्यांची मधे फट असलेली चोच शंखशिंपले धरायला सोयीची असते. शेजारी दोन ढिवर बायका टोपली घेऊन वेचत होत्या. उकडून, पोटाचा काळा भाग काढून, कांदा-मिरचीत परतायला. मी विचारले, गाळ काढण्याआधी हे वेचून घेतले तर? थोरली म्हणाली, तळाला कुठे दाट असतात ते आम्हाला पायाला कळते, सांगितले असते तर दोन दिवसांत निम्मे काढून दिले असते. एका कोपऱ्यात डोह ठेवा, तिथे सोडा, पाऊस आला की पसरतील. मग तिने टोपलीतले चार मोठे, मिटलेले शिंपले निवडले, पाळीवरून उतरली आणि उरलेल्या पाण्याच्या डबक्यात, चिखलात उभे खोचून ठेवले.